पावणेआठ लाखांचं कर्ज आणि संध्याकाळची कोथिंबीर

या वेळी कर्जाबद्दलची पत्रं इतकी आलीत की बाकीचे प्रश्न सरळ पुढच्या अंकात ढकललेत. ज्यांनी आकडे लिहून पाठवले त्यांची आधी घेतलीयत, कारण "खूप कर्ज झालंय, काय करू" एवढ्या एका ओळीवर मी तरी काय सांगणार.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं चौघांचं घर, चिंचवडला भाड्याने राहतो. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, हातात ४८ हजार येतात, जायला-यायला कंपनीची बस आहे. मी घरी ब्लाउज आणि फॉल-पिकोचं काम करते त्याचे सरासरी ११ हजार धरा, लग्नसराईत जास्त मिळतात आणि पितृपक्षात काहीच नाही. घरभाडं १३ हजार, मुलांची फी आणि व्हॅन मिळून महिन्याला ५ हजार. आता कर्ज सांगते. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १ लाख ९० हजार, पर्सनल लोन ३ लाख ६० हजार बाकी आहे त्याचा हप्ता १२,२००, माझ्या पाटल्या आणि हार ठेवून घेतलेलं गोल्ड लोन १ लाख २० हजार, मोबाईल आणि वॉशिंग मशीनचा मिळून ४,१०० हप्ता अजून सात महिने, आणि दिरांकडून हातउसने घेतलेले ७५ हजार, ते मागत नाहीत पण जाऊबाई बोलून दाखवतात. सगळं मिळून पावणेआठ लाखांच्या घरात जातं. कार्डाचं मिनिमम, म्हणजे महिन्याला कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम, ९,५०० आम्ही आजपर्यंत एकदाही चुकवलेलं नाही तरी रक्कम खाली येतच नाही, उलट थोडी वाढतेच. ज्याला विचारावं तो म्हणतो बाहेरचं खाणं बंद करा, अहो आम्ही महिन्यातून एकदा जातो बाहेर, त्यातून पावणेआठ लाख कसे फिटणार? मिस्टरांचं म्हणणं एकच आठ लाखांचं मोठं लोन काढू आणि सगळं मिटवून टाकू, हप्ता पण कमी बसेल. मला भीती वाटते. की पाटल्या विकून टाकू? तीन महिन्यांचं यूपीआयचं आणि कार्डाचं स्टेटमेंट सोबत पाठवलंय, रागावू नका.

उत्तर : रागवायचं काय त्यात, उलट स्टेटमेंट पाठवणाऱ्या तुम्ही या महिन्यातल्या एकट्याच आहात. आणि तुमचा मुद्दा बरोबर आहे, काटकसर करून पावणेआठ लाख फिटत नाहीत. जुनं कर्ज फिटतं ते हप्त्यांनी, आणि हप्ते तर तुम्ही इमानदारीत भरताच आहात. रोजच्या खर्चाच्या सवयी बदलायच्या त्या नवीन कर्ज थांबवण्यासाठी. हे दोन विषय वेगळे केले की तुमचं गणित बऱ्यापैकी सुटतं, बघा कसं ते.

आधी कार्ड. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस. तुमच्या १ लाख ९० हजारांवर महिन्याचं व्याज झालं ६,६५०, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १,१९७, एकूण साधारण ७,८५०. तुम्ही भरता ९,५००. म्हणजे मुद्दलातून गेले जेमतेम साडेसोळाशे, आणि स्टेटमेंट सांगतंय की त्याच महिन्यात त्याच कार्डांवर तुम्ही सरासरी ६,८०० चा नवीन खर्च केलाय, मग रक्कम खाली येणार कुठून. शिवाय मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नवीन खरेदीला ते बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या दूध पावडरवर आजपासून व्याज चालू, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आता बँकेला फोन करून विचारा की कार्डावरची बाकी रक्कम ईएमआयमध्ये बदलून देता का. बहुतेक बँका देतात, दर प्रत्येकाचा वेगळा असतो आणि प्रोसेसिंग फी लागते, ती आधीच विचारून घ्या. समजा १६ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी मिळालं तर १ लाख ९० हजारांचा हप्ता बसतो साधारण ९,३००, त्यात व्याजावरचा जीएसटी धरला तर सुरुवातीला पावणेदहापर्यंत जाईल. तुम्ही आज भरता ९,५००. म्हणजे खिशातून जाणारे पैसे जवळपास तेवढेच, पण आज त्यातून काहीच हलत नाहीये आणि तसं केलं तर दोन वर्षांत दोन्ही कार्डं कोरी. अट एकच, त्या कार्डांवर नवीन एक रुपयासुद्धा टाकायचा नाही. कार्ड कापून फेकायची नाटकं करू नका, नंबर मोबाईलमध्ये सेव्ह असतोच. सगळ्या शॉपिंगच्या अ‍ॅपमधून कार्ड डिलीट करा आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑनलाइन व्यवहाराचं बटण बंद करा, २०२० पासून प्रत्येक कार्डाला ही सोय द्यावीच लागते.

मग प्रश्न येतो घर चालायचं कसं. ५९ हजारांतून हप्ते आणि मिनिमम मिळून २५,८०० गेले, भाडं १३ आणि मुलांचे ५ गेले, उरले १५,२००. तुमचं घर आत्ता चालतंय २२ हजारांत आणि वरचे सात हजार दर महिन्याला कार्ड देतंय. हा सात हजारांचा खड्डा बुजवायचाय. पावणेआठ लाखांकडे बघूच नका सध्या, या सात हजारांकडे बघा.

तुमचं स्टेटमेंट मी पेन्सिल घेऊन वाचलं. हॉटेलात खरंच फार काही जात नाही. जातंय ते संध्याकाळी सहा ते आठ या वेळात. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर महिन्याला चौदा-पंधरा ऑर्डरी आहेत, आणि एकही ऑर्डर पंधरा रुपयांची नाही, सगळ्या दोनशेच्या वर. मी यातली एक उघडून बघा म्हणून तुम्हाला फोन केला होता, तुम्हीच वाचून दाखवलंत : कोथिंबीर १५, मग फुकट डिलिव्हरीसाठी १९९ व्हायला पाहिजेत म्हणून चीज स्लाइस, चिप्सची दोन पाकिटं, एक कोल्ड्रिंक, आणि वर हँडलिंग चार्ज. म्हणजे कोथिंबिरीची जुडी पडली सव्वादोनशेला. हे एकट्याचेच महिन्याला सव्वातीन हजार होतात. त्यानंतर ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप कटणारे पैसे : तीन ओटीटी, फोटो ठेवायची जागा आणि मुलाचं एक अभ्यासाचं अ‍ॅप जे तो वर्षभर उघडत नाहीये, मिळून हजार-अकराशे. आणि दर महिन्याला कुठला ना कुठला सेल, त्यात डबे, बेडशीट, मुलांचे टीशर्ट, सतराशे-अठराशे. झाले की सहा हजार.

यात मिस्टरांचा टपरीवरचा चहा मी मुद्दाम धरलेला नाही. सगळ्या घरांमध्ये पहिली कुऱ्हाड त्या चहावर पडते, महिन्याला पाच-सहाशे वाचतात, त्यावरून रोज भांडण होतं आणि दीड महिन्यात सगळी योजनाच बारगळते. राहू दे तो चहा.

संध्याकाळची ती ऑर्डर भुकेची आहे आणि आयत्या वेळच्या आठवणीची आहे, लोभाची नाही, म्हणून "आता बंद" म्हणून ती बंद होत नाही. रविवारी सकाळी पिंपरीच्या मंडईतून आठवड्याची भाजी आणा, कोथिंबीर निवडून कोरडी करून पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवली की आठ दिवस कुठे जात नाही. रविवारीच अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा करून मुलांच्या हाताला लागेल असा ठेवा. आणि ते अ‍ॅप फोनमधून काढा, लागलंच तर परत टाकता येतं, पण परत टाकायला जी पाच मिनिटं जातात त्यात निम्म्या वेळा माणूस म्हणतो जाऊ दे, आज बिनकोथिंबिरीचं. ऑटोपे बंद करायला यूपीआय अ‍ॅपमध्येच ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथे सगळी यादी दिसते, तिथूनच रद्द होतं. एक ओटीटी ठेवा, माणसं आहात.

आता पैसे कसे वाटायचे ते सांगते, हे माझं आवडतं आहे आणि मी सगळ्यांनाच हेच सांगते. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलं ठेवूच नका. त्या खात्यातून भाडं, हप्ते, फी. मग वाण्याची यादी, दूध, लाइटबिल, गॅस, रिचार्ज यांना मिळून साडेदहा हजार बाजूला काढा, तुमच्या आकड्यांवरून तेवढ्यात बसतंय, यादी मात्र वजन लिहून करा, "साखर" नाही तर "साखर ४ किलो". उरतात ४,७००. तुमचं बचत खातं जे नुसतं पडलंय त्याला यूपीआय जोडा आणि दर सोमवारी त्यात अकराशे टाका. भाजी, पेट्रोल, वह्या, कुणाच्या वाढदिवसाचं पाकीट, सगळं त्या अकराशेत. गुरुवारी खातं रिकामं दिसलं की आपोआप हात थांबतो, एका खात्यात ४८ हजार दिसत असताना तो थांबत नाही. आणि रविवारी रात्री त्यात शंभर-दोनशे उरले असतील तर ते तिथे ठेवू नका, तेव्हाच्या तेव्हा कर्जाकडे पाठवा. तसे उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात हमखास खर्च होतात आणि वर आपण समजतो की आपण बचत केली. पहिले दोन महिने ओढाताण होणार आहे हे धरूनच चाला, अकराशे म्हणजे काही फार नाहीत. त्यावरून एक विचारते, ब्लाउजची शिलाई कुठल्या सालच्या दराने घेताय? तुमच्या आसपास चौकशी करा, अस्तराच्या ब्लाउजला लोक आता काय घेतात ते. घरात बसून काम करणाऱ्या बायका दर वाढवायला कायम संकोचतात आणि इकडे बेडशीटच्या सेलला मात्र संकोच नसतो. असो.

पुढचं असं दिसतं मला. सात महिन्यांनी मोबाईल-मशीनचे ४,१०० मोकळे होतील, त्या महिन्यापासून ते तसेच्या तसे दिरांना सुरू करा, अठरा-एकोणीस महिन्यांत त्यांचे ७५ हजार उतरतात आणि जाऊबाईंचा प्रश्नही मिटतो. आज त्यांना फक्त एवढं सांगा की अमुक महिन्यापासून सुरू करतोय, तारीख सांगितली की निम्मं बोलणं थांबतं. दोन वर्षांनी कार्ड संपलं की ते साडेनऊ आणि हे चार हजार मिळून गोल्ड लोनवर, दहा-अकरा महिन्यांत तेही संपतं. पर्सनल लोन त्याच्या गतीने तीन वर्षांत संपतंय, ते लवकर बंद करायच्या मागे लागू नका, फिक्स दराच्या पर्सनल लोनला मुदतीआधी बंद करायचा चार्ज लागू शकतो आणि तुमच्याकडे त्याच्यापेक्षा महाग कर्ज आधीच आहे. दिवाळीचा बोनस आला की पहिलं गोल्ड लोनचं वर्षाचं व्याज भरून ते रिन्यू करून घ्यायचं, मग फटाके. व्याज थकलं तर सोनं लिलावात जाऊ शकतं, त्यात हयगय नको.

मिस्टरांच्या आठ लाखांबद्दल. अगदीच चुकीचं नाही म्हणत मी, आज २५,८०० जातात तिथे १४ टक्क्यांनी सात वर्षांचं लोन घेतलं तर हप्ता पंधरा हजार बसेल, दर महिन्याला अकरा हजार सुटल्यासारखे वाटतील. पण सात वर्षांत एकूण भरणार १२ लाखांच्या वर, म्हणजे नुसतं व्याज साडेचार लाखांच्या आसपास, आणि जे कर्ज तीन वर्षांत संपत होतं ते मुलगा बारावीला जाईपर्यंत पुरणार. मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसायचे तेव्हा असं एकत्र कर्ज घेणारी बरीच मंडळी वर्ष-दीड वर्षात परत समोर येऊन बसायची, कारण कार्डं कोरी झाली की ती परत भरतात. सात हजारांचा खड्डा जर बुजवला नसेल तर एकत्र कर्ज घेऊन उपयोग नाही, आणि बुजवला असेल तर त्याची गरज नाही.

पाटल्यांचं मात्र तुमचं तुम्ही ठरवायचं, ते स्त्रीधन आहे, मिस्टरांनी किंवा मी सांगून नाही. हिशोब एवढाच की २०२३ मध्ये दहा ग्रॅमचा भाव साठ हजारांच्या आसपास होता आणि २०२५ मध्ये तो लाखाच्या वर गेला. तुमचं लोन २०२३ च्या भावाचं असेल तर आज ते सोनं तुमच्या कर्जापेक्षा बरंच जास्त किमतीचं आहे. नुसता हार विकला तरी गोल्ड लोन मिटून कार्डावर टाकायला काही उरू शकतं. दागिना २२ कॅरेटचा, त्यामुळे भावही त्याचाच मिळणार, घट धरणार, घडणावळ परत येणार नाही, दोन-तीन पेढ्यांवर वजन करून बघा. मी असते तर हार विकला असता आणि पाटल्या ठेवल्या असत्या, पण हे अगदीच माझं.

प्रश्न : डोंबिवलीला फ्लॅट आहे, डिसेंबर २०२४ ला २५ लाखांचं होमलोन घेतलं, २० वर्षं, ९ टक्के फ्लोटिंग, म्हणजे वरखाली होणारा दर. आता बँक म्हणते दर ७.७५ झाला, हप्ता कमी करून घ्यायचा की मुदत? बायको म्हणते हप्ता कमी करा म्हणजे दोन हजार हातात राहतील, रोजचा डबा, सगळंच महाग झालंय.

उत्तर : वहिनींना सांगा ते दोन हजार हातात राहणार नाहीत, तीन महिन्यांत कुठे गेले ते कळणारही नाही. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आणला त्याचा हा फायदा आहे. तुमचा जुना हप्ता साधारण २२,५००, नवीन बसेल २०,५०० च्या आसपास. पण जुनाच चालू ठेवलात तर वीसऐवजी साडेसोळा वर्षांत घर मोकळं होतं आणि व्याजाचे जवळपास पाच लाख वाचतात. २२,५०० भरायची सवय घराला लागलेली आहेच, लागलेली सवय मोडू नका. बँकेकडून मुदत कमी झाल्याचं लेखी घ्या, मेसेजवर विसंबू नका. आणि फ्लोटिंग होमलोनला वरचे पैसे भरायला चार्ज लागत नाही, त्यामुळे बोनसचे वीस-पंचवीस हजार कधीही टाका. अगदीच ओढाताण असेल, म्हणजे हप्त्यासाठी कार्ड वापरावं लागत असेल, तर मात्र बिनधास्त हप्ता कमी करून घ्या, मग ते मुदतीचं वगैरे नंतर बघू.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. मोठ्या मुलीच्या लग्नात सोसायटीचं कर्ज काढलं, त्याची कपात होऊन हातात २९ हजार येतात. शिवाय ओळखीच्या एकाकडून दीड लाख घेतलेत, महिना पाच टक्के, दोन कोरे चेक दिलेत. व्याज भरतोय, मुद्दल तसंच आहे. घरात उधळपट्टी काही नाही पण लग्नकार्याचे आहेर थांबत नाहीत, आणि यंदा २०२६ ला अधिक महिना आहे, जावयाचं करावं लागेल, घरच्यांनी चांदीचं ताट ठरवलंय. कसं करावं?

उत्तर : सर, चांदीचं ताट विसरा. महिना पाच टक्के म्हणजे वर्षाला साठ, दीड लाखांवर महिन्याला साडेसात हजार नुसतं व्याज, वर्षाचे नव्वद हजार. तुमच्या घरातला सगळ्यात मोठा खर्च हाच आहे, बाकी काटकसर त्याच्यापुढे काहीच नाही. सोसायटीचं कर्ज कितीही डोक्यावर वाटलं तरी ते स्वस्त आहे. सोसायटीत जाऊन वाढीव कर्ज किंवा तातडीचं कर्ज मिळतंय का बघा, पीएफमधून काढता येतंय का बघा, आणि त्या माणसाचं मुद्दल एकरकमी तोंडावर टाकून चेक परत घ्या. कपात आणखी वाढेल, पण साडेसात हजार वाचतील त्यातून ती निघते.

तो परवानाधारक सावकार आहे का, हे तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांच्या ऑफिसात कळतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ चा आहे, परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि परवाना असला तरी असा महिना पाच टक्के दर लावता येत नाही. ओळखीतला आहे म्हणून तुम्ही लगेच तक्रार करणार नाही हे मला माहीत आहे, पण आतापासून व्याज रोख देऊ नका, बँकेतून द्या, आणि दिलेल्या चेकचे नंबर लिहून ठेवा. दमदाटी सुरू झाली तर जिल्हा उपनिबंधकांकडे जायचं, तेव्हा हातात काहीतरी लागतं.

आहेराचं म्हणाल तर गावाकडे ते एकमेकांना फेडायचं देणं असतं, बंद केलं तर चारचौघांत दिसतं, खरं आहे. पण वही काढा, ज्यांनी आपल्याकडे जे दिलं तेवढंच परत, वरचा मान नाही. आणि टॉवेल-टोपी, साड्यांचे गठ्ठे, जे घेणाराही पुढच्या लग्नात देऊन टाकतो, त्याच्याऐवजी पाकीट. तुमच्यासारख्या मास्तर माणसाने सुरू केलं तर भावकीतले चार जण मनातून खूशच होतील बघा, सगळेच त्याच कचाट्यात आहेत. अधिकात तेहतीस अनारसे घरी करा, पुरणाचे धोंडे करा, छोटी निरांजन द्या. ताटाचं मुलीला आधी सांगा, स्वच्छ सांगा की कर्ज आहे. लग्न तिचंच होतं, तिला कल्पना असते, आणि जावयाला ती तिच्या पद्धतीने सांगते, आपण सांगण्यापेक्षा बरं.

प्रश्न : ताई मी २४ वर्षांचा, कोपरखैरणेला रूमवर राहतो, पगार २६ हजार. चार लोन अ‍ॅपचे मिळून ६२ हजार झालेत, एकाचं फेडायला दुसऱ्याचं घेतलं. आता एक जण माझ्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना फोन करतोय. घरी सांगितलं नाही. प्लीज नाव छापू नका.

उत्तर : तुला तू म्हणते. पहिलं काम, आज घरी सांग. त्या माणसाच्या हातात एकच हत्यार आहे, ते म्हणजे तुझ्या घरच्यांना माहीत नसणं. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला तुझी कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटो घ्यायला परवानगीच नाही, आणि वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. प्रत्येक अ‍ॅपच्या मागे कुठली बँक किंवा एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी, आहे ते कर्जाच्या कागदात बघ. नाव असेल तर तिथे लेखी तक्रार कर, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, १४४४८ नंबरवर माहिती मिळते. नावच सापडत नसेल, धमक्या किंवा घाणेरडे फोटो येत असतील, तर १९३० ला फोन करून सायबरला तक्रार, स्क्रीनशॉट जपून ठेव.

पैशांचं तर अजून सोपं आहे. ६२ हजार म्हणजे तुझे अडीच पगार. पाचवं अ‍ॅप घ्यायचं नाही, काही झालं तरी. वडिलांकडून किंवा मामाकडून मिळाले तर घे, नाहीतर ऑफिसात अ‍ॅडव्हान्स माग, लाज इथे खर्च कर, आणि चारही खाती बंद करून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घे. मग ज्याचे घेतलेस त्याला दर एक तारखेला सात हजार, नऊ महिने. रूमवर चौघं आहात म्हणतोस, तर प्रत्येक जण रात्री वेगळं ऑर्डर करतो त्याऐवजी पोळी-भाजीची मेस लावा किंवा कुकर घ्या. दोन हजारांत कुकर येतो आणि डाळ-भात कुणालाही जमतो. "नंतर पैसे द्या"वाली जी बटणं असतात ती सगळी बंद कर, तीही लोनच असतात, फक्त त्यांचं नाव गोड असतं. आणि सेटलमेंट, म्हणजे थोडे कमी घेऊन खातं मिटवणं, करू का असं कुणी विचारलं तर घाईने हो म्हणू नकोस, सिबिलवर "सेटल्ड" असं लागतं आणि पुढे घर घ्यायला गेलास की ते आडवं येतं. वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघ, म्हणजे आपल्या नावावर नक्की किती खाती आहेत ते तरी कळेल.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगच्या बायकांची भिशी आहे, महिना ५ हजार, वीस जणी. माझा नंबर लागला की एक लाख कार्डावर भरणार आहे, तोपर्यंत थांबू ना?

उत्तर : नको. नंबर अठराव्या महिन्यात लागला तर तोपर्यंत कार्ड बेचाळीस टक्क्यांनी चालूच राहणार आणि भिशी तुम्हाला व्याज काही देत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत उचल मिळत असेल तर घ्या आणि त्याच दिवशी कार्डावर भरा, मग पुढचे हप्ते मात्र चुकवायचे नाहीत, शेजारणींचे पैसे आहेत ते. तसं होणार नसेल तर तुमची जागा दुसरीला देऊन टाका आणि तेच पाच हजार दर महिन्याला कार्डावर टाका. भिशीच्या दिवशी चहाला जरूर जा, त्याला कुणी नाही म्हणणार नाही.